छातीच्या कंपनांवरून हृदय मोजायचं असेल तर फिल्टरच्या आधी काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे. प्रकल्पासाठी त्यांनी एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा छोटा, स्वस्त सेन्सर छातीच्या मधल्या हाडावर चिकटवून ठोके नोंदवले. कॉलेजच्या लॅबमध्ये टेबलावर आडवं झोपून घेतलेल्या नोंदी छान आल्या. कुर्ल्याला रुळांलगतच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या घरी, खुर्चीत बसून घेतल्या तर नुसता गोंधळ. बटरवर्थ लावून झाला, वेव्हलेट करून झालं (सिग्नलमधला गोंगाट गाळायच्या या दोन रीती). आता आणखी कोणता फिल्टर लावू, असं ते विचारतात. आणि शेवटी एक ओळ: वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, याच सेन्सरने घरच्या घरी त्यांच्या हृदयावर लक्ष ठेवता येईल का?

मी बरीच वर्षं शरीरावरून मिळणाऱ्या सिग्नलांचंच काम करते आहे आणि असा प्रश्न दर वर्षी परीक्षांच्या आसपास येतो. माझ्या मते तुमची अडचण फिल्टरची नाहीच. लॅबमध्ये आणि घरी तुम्ही दोन वेगळे प्रयोग केलेत आणि दोन्हीकडे ‘बरोबर काय’ हे ठरवणारा संदर्भ सोबत नव्हता. संदर्भ नसला की कोणताही फिल्टर काहीतरी गुळगुळीत वक्र काढून देतो आणि तो हृदयाचाच आहे असं आपल्याला वाटत राहतं.

आधी आपण मोजतो काय ते बघू. ईसीजीत हृदयातली वीज दिसते. तुमच्या सेन्सरला त्या विजेनंतर झालेली हालचाल दिसते: स्नायूचं आकुंचन, झडपांची उघडझाप, महाधमनीत ढकललं जाणारं रक्त. ही हालचाल फुप्फुस, चरबी, बरगड्या आणि कातडी यांतून वाट काढत सेन्सरपर्यंत येते. शेजारच्या खोलीत कुणी दार आपटलं की आपल्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. ठोका कधी पडला हे कॅलेंडर अचूक सांगेल, पण किती जोराने पडला हे बरंचसं मधल्या भिंतीवर ठरतं. छातीचं तसंच आहे. वेळ भरवशाची, उंची बेभरवशाची. या एका वाक्यावर पुढचं जवळजवळ सगळं उभं आहे.

हे क्षेत्र जुनं आहे, आणि त्याचा इतिहास तुमच्या अडचणीशी जोडलेला आहे म्हणून दोन ओळी. १८७७ साली गॉर्डन यांनी नोंदवलं की वजनकाट्यावर माणूस निश्चल उभा असला तरी काटा ठोक्यागणिक हलतो. १९३९ च्या सुमारास फिलाडेल्फियात आयझॅक स्टार यांनी हलत्या टेबलावर रुग्णाला झोपवून संपूर्ण शरीराचा हा धक्का नोंदवला. ती बॅलिस्टोकार्डिओग्राफी. सेन्सर थेट छातीवर ठेवून तिथली कंपनं मोजायची पद्धत, म्हणजे तुमची सिस्मोकार्डिओग्राफी, १९६१ मध्ये सोव्हिएत संघात बोझेन्को यांनी मांडली आणि १९९० च्या आसपास अमेरिकेत झानेटी आणि सालेर्नो यांनी ती पुढे नेली. मधल्या काळात बॅलिस्टोकार्डिओग्राफी मागे पडली, त्याचं एक कारण म्हणजे टेबल बदललं की आलेख बदलायचा. एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्याशी ताडून बघता येत नसे. तोवर अल्ट्रासाऊंड आलं आणि डॉक्टरांना हृदय थेट दिसू लागलं. तुमच्या लॅबचं टेबल आणि घरची खुर्ची यांच्यातलं भांडण म्हणजे हेच जुनं दुखणं.

आता खुर्ची. हा मुद्दा जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटतो म्हणून जरा सविस्तर सांगते. तुमचा झेड अक्ष छातीतून बाहेर येणारा आहे. उताणं झोपल्यावर तो गुरुत्वाकर्षणाच्या रेषेत असतो. श्वासाने छाती एक अंश कलली तर वाचन १ जी च्या (जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) कोसाइनप्रमाणे बदलतं, म्हणजे सुमारे ०.१५ मिलीजी, जी चे हजारावे भाग. ताठ बसल्यावर तोच अक्ष आडवा होतो. आता तोच एक अंश साइनप्रमाणे मोजला जातो आणि फरक येतो सुमारे १७ मिलीजी. छातीवर ठोक्याचं कंपन असतं काही मिलीजींपासून वीस-तीस मिलीजींपर्यंत. म्हणजे बसलेल्या माणसात एका अंशाचं कलणं ठोक्याएवढंच मोठं दिसतं! श्वासाचा वेग सेकंदाला पाव आवर्तनाच्या आसपास असल्यामुळे संथ श्वासाचा भाग एक हर्ट्झच्या हायपासने, म्हणजे सेकंदाला एका आवर्तनापेक्षा संथ ते सगळं अडवणाऱ्या फिल्टरने, निघून जातो. पण खांदा हलवणं, आवंढा गिळणं, खोकणं, मोबाइलकडे मान वळवणं हे सगळं त्याच्या वरच्या पट्ट्यात येतं आणि तिथे ठोकाही असतो. तेव्हा घरी आडवे झोपा, डोक्याखाली पातळ उशी घ्या आणि मगच तुलना करा. माझा अंदाज आहे की अर्धा गोंधळ इथेच संपेल.

याच चिपमध्ये जायरोस्कोपही आहे आणि तुम्ही तो वापरलेला दिसत नाही. त्याला गुरुत्वाकर्षण दिसतच नाही, फक्त फिरण्याचा वेग दिसतो. प्रत्येक ठोक्याला छातीची भिंत किंचित फिरते, सेकंदाला काही अंश एवढ्या वेगाने, आणि ते जायरोत स्वच्छ येतं. सहाही वाहिन्या नोंदवा, तीन सरळ हालचालीच्या आणि तीन फिरण्याच्या. फुकट मिळतायत.

दुसरी बाजू सेन्सरची. एमपीयू-६०५० च्या माहितीपत्रकात अ‍ॅक्सिलरोमीटरचा, म्हणजे सरळ हालचाल मोजणाऱ्या भागाचा, गोंगाट दर रूट हर्ट्झ (वारंवारितेच्या पट्ट्याच्या वर्गमुळामागे) ४०० मायक्रोजी दिला आहे. तुम्ही ४० हर्ट्झपर्यंतचा पट्टा घेतलात तर ४०० गुणिले ४० चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.५ मिलीजी आरएमएस, एक प्रकारची सरासरी उंची. ऐकायला कमी वाटतं, पण पडद्यावर डोळ्याला दिसतो तो शिखरापासून दरीपर्यंतचा पसारा, आणि तो आरएमएसच्या साधारण सहा पट धरतात. झाले १५ मिलीजी. म्हणजे एकेका ठोक्याकडे बघाल तर सिग्नल आणि गोंगाट एकाच उंचीचे. एडीएक्सएल-३५५ या जास्त शांत सेन्सरमध्ये हाच आकडा दर रूट हर्ट्झ २५ मायक्रोजीच्या आसपास आहे, सोळा पट कमी. तो महाग आहे आणि अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला तो हवाच असं मी म्हणणार नाही, कारण शंभर ठोक्यांची सरासरी घेतली की एमपीयूचा गोंगाटही दहा पटींनी खाली येतो. फक्त सरासरी घ्यायला ठोका नेमका कुठे सुरू झाला ते माहीत हवं. त्यासाठीच ईसीजी लागतो. त्याकडे येतेच.

त्याआधी एक चाचणी करा. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, मिळणाऱ्या स्वस्त बोर्डांवरची चिप दर वेळी अस्सल निघेल याची खात्री नसते. सेन्सर स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्यावर चिकटवा, पंखा बंद करा, मिक्सर-वॉशिंग मशीन बंद, आणि दहा मिनिटं नोंद घ्या. गाडी जात नसतानाच्या तुकड्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा पसारा) ४० हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात वरच्या २.५ मिलीजींच्या जवळपास आलं तर चिप ठीक. दुप्पट-तिप्पट आलं तर बोर्ड बदला. त्याच नोंदीत गाडी जातानाचा तुकडाही बघा, तुमच्या इमारतीत रेल्वे नेमक्या कोणत्या वारंवारितेत शिरते ते कळेल. मग हीच चाचणी रिकाम्या पलंगावर. काही गाद्यांना स्वतःचा झोका असतो, तो दगडी ओट्यावर सापडणार नाही.

रुळांलगतच्या इमारतींचा प्रश्न खरा आहे, पण लोक समजतात तसा नाही. जमिनीतून येणारा हादरा बऱ्याच वारंवारितांचा असतो. इमारतीची लादी त्यातला आपल्या आवडीचा भाग उचलून धरते आणि तो बऱ्याचदा दहा-वीस हर्ट्झच्या आसपास पडतो. ठोक्याच्या कंपनाची बरीचशी ऊर्जा २५ हर्ट्झच्या खालीच असते. दोन्ही एकाच पट्ट्यात असतील तर वारंवारितेवर चालणारा कोणताही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही; रेल्वे काढाल तर हृदयही जाईल. उपाय दोन. एक, दुसरा सेन्सर पलंगाच्या कडेला लावा आणि तिथे हादरा दिसला की तेवढे ठोके सरळ टाकून द्या. दुसऱ्या सेन्सरची नोंद बघून स्वतःला जुळवून घेणाऱ्या अ‍ॅडॅप्टिव्ह फिल्टरने वजाबाकी करता येते, पण प्रकल्पात ती समजावून सांगताना दमछाक होईल. टाकून देणं सोपं आणि प्रामाणिक. दोन, रात्री लोकल बंद असतात त्या दोन-अडीच तासांत नोंद घ्या. रोज नको, एकदाच, घरची शांत पातळी कळण्यापुरती.

पंखा मात्र चोवीस तासांचा. छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सहा हर्ट्झच्या जवळ, तोही ठोक्याच्याच पट्ट्यात. शिवाय वाऱ्याने सेन्सरच्या वायरी हलतात, आणि हा त्रास लादीतून येणाऱ्या कंपनापेक्षा जास्त असतो. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी काढा. पिना न लावता पातळ, लवचिक वायरी थेट बोर्डावर सोल्डर करा, सेन्सरपासून चार बोटांवर वायरीला सैल वळण देऊन ती टेपने छातीला चिकटवा. म्हणजे वायरीला बसलेला हिसका सेन्सरपर्यंत पोचत नाही.

चिकटवणं हा मुंबईत वेगळाच विषय आहे. दमट हवेत दहा मिनिटांत घाम सुटतो, दुहेरी टेप सरकतो आणि आलेख हळूहळू मरत जातो. बघणाऱ्याला वाटतं बॅटरी उतरली. जागा स्पिरिटने पुसा, वाळू द्या, केस असतील तर काढा, सेन्सरखाली पातळ दुहेरी टेप आणि वरून औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी सर्जिकल टेप ताणून लावा. फोमची जाड टेप नको, ती स्प्रिंगसारखी वागते. जागा म्हणाल तर छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक. दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी आकार बदलतो, म्हणून पेनाने खूण करून ठेवा.

आता कोडचं. नमुन्यांचा वेग सेकंदाला ५०० ठेवा. या चिपमधला आतला लो-पास (जलद कंपनं अडवणारा फिल्टर) चालू असताना सेकंदाला हजार नमुने तयार होतात, त्यांना भागून तो सहज मिळतो. कोडमध्ये डिले टाकून वेळ पाळू नका, चिपचा इंटरप्ट, म्हणजे नवा नमुना तयार झाल्याची चिपची खूण, वापरा. संगणकाकडे आकडे पाठवणारा सीरियल पोर्ट ९६०० च्या वेगावर सोडला असेल तर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं जातात. एका ओळीला वीस अक्षरं धरली तर अठ्ठेचाळीस नमुने! घरच्या नोंदी वेगळ्या कोडने घेतल्या असतील तर गडबड इथेही असू शकते. रेंज, म्हणजे मोजता येणारी कमाल मर्यादा, २ जी ठेवा. काही लायब्ररींच्या (तयार कोडच्या संचांच्या) नमुना कोडमध्ये ती ८ जी असते आणि आतला फिल्टर २१ हर्ट्झवर असतो. जशाच्या तशा उचललेल्या कोडात हे तपासलेलं नसतं. आतला फिल्टर ९४ हर्ट्झवर ठेवलात तर उशीर ३ मिलिसेकंदांचा, ४४ वर सुमारे ५ चा. वेळच मोजायची असल्यामुळे हा आकडा वहीत लिहून ठेवा.

आणि हो, तुमचा मूळ प्रश्न. नोंद संपल्यावर संगणकावर एक ते चाळीस हर्ट्झचा साधा चौथ्या क्रमाचा बटरवर्थ, पुढून आणि उलटा असा दोनदा चालवायचा, म्हणजे वेळ सरकत नाही. एकाच दिशेने चालवलात तर प्रत्येक वारंवारिता वेगवेगळी मागे पडते आणि झडप उघडायची वेळ तुमच्याच फिल्टरने बदलते. वेव्हलेटची गरज नाही.

खरी गरज ईसीजीची. एडी८२३२ या ईसीजी चिपचं बोर्ड आणि तीन चिकट इलेक्ट्रोड एवढं पुरेल. ईसीजी आणि कंपन एकाच मायक्रोकंट्रोलरवर, एकाच घड्याळावर नोंदवा. दोन फायली नंतर जुळवायच्या भानगडीत पडू नका. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर भिंतीतून काढलेला. घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट जातो हा एक भाग, पण मुख्य म्हणजे ही बोर्डं विद्युतदृष्ट्या विलग केलेली नसतात आणि इलेक्ट्रोड थेट माणसाच्या छातीवर आहेत. पेसमेकर असलेल्या माणसावर हा प्रयोग करू नका. मित्रांवर करायचा असेल तर आधी गाइडना सांगून कॉलेजची लेखी परवानगी घ्या.

ईसीजी आला की आर शिखर, म्हणजे ठोक्यातलं सगळ्यात उंच टोक, धरून प्रत्येक ठोक्याचा तुकडा कापा, एकावर एक ठेवा, सरासरी घ्या. मग आलेखात क्रम दिसू लागतो. विद्युत लहर सुरू झाल्यावर तीस-चाळीस मिलिसेकंदांत मायट्रल झडप (डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली) बंद होते. मग थोडा वेळ डावं निलय (खालचा कप्पा) सगळी दारं बंद असताना नुसता दाब वाढवतं. विद्युत लहरीपासून साधारण शंभर मिलिसेकंदांवर महाधमनीची झडप उघडते आणि कंपनात सगळ्यात ठसठशीत शिखर बहुधा इथेच येतं. पुढे सुमारे तीनशे मिलिसेकंद रक्त बाहेर पडतं, ती झडप मिटते, आणखी सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांनी मायट्रल उघडते. विद्युत लहरीपासून महाधमनीची झडप उघडेपर्यंतचा पहिला टप्पा भागिले रक्त बाहेर पडण्याचा काळ, म्हणजे दुसरा टप्पा, हे गुणोत्तर निरोगी माणसात ०.३५ च्या आसपास असतं. हृदयाची ढकलण्याची ताकद कमी झाली की पहिला टप्पा लांबतो, दुसरा आखूड होतो आणि गुणोत्तर वाढतं. तुमच्या प्रकल्पाचा गाभा हा असावा. नुसते ठोके तर बोटाला लावायची चिमटी पण मोजते.

इथे एक पथ्य. शिखर आणि झडप यांची जोडी प्रत्येक माणसात तंतोतंत जुळत नाही, आणि एकाच माणसात श्वास आत घेताना आणि सोडताना आकार बदलतो. म्हणून सरासरी घ्यायच्या आधी ठोक्यांचे दोन गट करा: श्वास घेतानाचे आणि सोडतानाचे. श्वासाची लाट तुमच्याच अ‍ॅक्सिलरोमीटरच्या संथ भागात मिळते. जोर लावून श्वास रोखायला कुणाला सांगू नका. त्याने छातीतला दाब वाढतो आणि हृदयाचं काम खरोखरच बदलतं, मग तुम्ही वेगळंच काही मोजत बसता.

मोबाइलने जमेल का असंही लोक विचारतात. लयीसाठी, हो. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये छातीवर फोन ठेवून ३०० रुग्णांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याचा एक आजार, ओळखून दाखवलं आणि अचूकता पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास होती. पण तिथे प्रश्न ठोके नियमित आहेत की नाहीत एवढाच होता. झडपेची वेळ मोजायला ईसीजी त्याच घड्याळावर लागतो आणि तो फोनमध्ये नसतो. शिवाय अँड्रॉइड १२ पासून खास परवानगी मागितली नाही तर अ‍ॅपला सेकंदाला २०० पेक्षा जास्त नमुने मिळत नाहीत.

वडिलांबद्दल स्पष्टच सांगते. या सेन्सरने धमनीतला अडथळा दिसत नाही. स्टेंट पुन्हा अरुंद झाला का, हे कळत नाही. हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं हे टू-डी एकोत (हृदयाच्या अल्ट्रासाऊंडमध्ये) दिसतं, इथे नाही. आलेख छान आला म्हणून सगळं ठीक, असं समजून घरात निर्धास्त बसणं हा यातला खरा धोका. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर सेन्सर शोधू नका, १०८ ला फोन करा. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची हरकत नसेल तर प्रकल्पातला एक माणूस म्हणून त्यांची नोंद घ्या: तीच वेळ, तोच पलंग, तीच खूण, आणि त्यांची तुलना फक्त त्यांच्याच आधीच्या नोंदींशी. तुमच्या वर्गातल्या एकवीस वर्षांच्या पोराशी नको. गोळ्यांत बदल झाला असेल तर तारीख लिहून ठेवा, कारण बीटा-ब्लॉकर या हृदयाच्या गोळ्यांनी ठोक्यांचा वेग आणि या वेळा दोन्ही सरकतात.

तेव्हा आधी ओटा, मग रिकामा पलंग, मग स्वतः आडवे झोपून ईसीजीसह पाच मिनिटं. यानंतरही घरचा आलेख लॅबच्या आलेखासारखा आला नाही तर या तिन्ही नोंदी कोणताही फिल्टर न लावता इथे टाका. सोबत रेंज, आतल्या फिल्टरचं सेटिंग आणि बोर्डाचा फोटो. फक्त आलेखाचे स्क्रीनशॉट टाकू नका, त्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.